पडद्याचा डावा कोपरा

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रक आलं. चिमूरला वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे. वाटून उरलेली पत्रकं आई फळ्यांवर अंथरायची, आम्ही त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं करायचो. एका बाजूला सातचा पाढा आणि दुसऱ्या बाजूला जंगलावरचा हक्क, असं माझं शिक्षण झालं. चंद्रपूरला कॉलेज संपवून मी संगणकावर मराठी टायपिंग शिकले तेव्हा नोकरीचा विचार मनातही आला नाही. सरळ वडिलांच्या संघटनेच्या खोलीत जाऊन बसले.

खोली म्हणजे एका जुन्या चाळीतली तळमजल्याची एकच जागा. एका सहानुभूतीदार प्राध्यापकांनी आपला वापरलेला, टीव्हीसारख्या फुगीर पडद्याचा संगणक दिला होता, त्यावर मी पत्रकं जुळवायची. जुळवलेलं पान ट्रेसिंग कागदावर काढून छापखान्यात जायचं आणि तिथून गठ्ठे बांधून एसटीने गावोगाव. मला त्या कामाचा अभिमान होता. आजही आहे.

त्या खोलीचे काही कायदे होते. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही. पडद्याचं तोंड दाराकडे ठेवायचं नाही. किल्ली दोघांकडेच, एक माझ्याकडे आणि एक भाऊंकडे. आणि सगळ्यात जुना कायदा भोंग्याचा. पूर्वी कधीतरी सभेच्या आदल्या दिवशी कोणीतरी आमचा भोंगा उचलून नेला होता आणि भाऊंना हजारो लोकांसमोर घसा फोडून बोलावं लागलं होतं. तेव्हापासून कोणताही कार्यक्रम ठरला की भाऊ भोंगा भिंतीवरच्या खिळ्यावरून काढून कुठेतरी लपवून ठेवत. कुठे, ते कोणाला सांगत नसत. कोणी विचारायचंही नसे. विचारणारा माणूस त्यांच्या मनातून उतरलाच म्हणून समजा.

भाऊ म्हणजे आमचे म्होरके. पन्नाशी उलटलेले, हडकुळे, बोलायला उभे राहिले की अंगात वीज आल्यासारखे. माझ्या वडिलांचे जुने सोबती. मी त्यांच्या मांडीवर खेळले होते, म्हणून मला वाटायचं की खोलीतले कायदे माझ्यासाठी नाहीत, बाहेरच्यांसाठी आहेत.

तो समज त्या उन्हाळ्यात गेला.

गडचिरोलीकडच्या एका डोंगरावर खाण निघणार होती. तिची जनसुनावणी जाहीर झाली, तीही जिल्ह्याच्या गावी, म्हणजे डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला दोन एसट्या बदलून यावं लागेल अशा ठिकाणी. त्या गावांमधल्या लोकांना सुनावणी म्हणजे काय, तिथे उभं राहून काय बोलता येतं, आपलं म्हणणं लिहून घ्यायला कसं लावायचं, हे सगळं साध्या भाषेत सांगणारं मोठं पत्रक आम्ही काढायला घेतलं. माहिती आणली होती त्या डोंगराखालच्याच एका बाईंनी. वयाने माझ्या आईपेक्षा मोठ्या, शाळेत कधी न गेलेल्या, पण कोणाचं शेत कोणत्या नाल्यापर्यंत आहे हे तोंडपाठ. पत्रक छापून झालं की गठ्ठा घेऊन त्याच परत जाणार होत्या.

आणि नेमकं तेव्हा पडद्यावर डाग आला.

आधी मला वाटलं डोळ्यांना त्रास होतोय. सकाळी संगणक लावला तर पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जांभळा ढग. त्याच्या कडेने हिरवी किनार. ओळी तिथे पोचल्या की वाकायच्या, अक्षरं एका अंगाला कलायची, अनुस्वार दिसेनासे व्हायचे. मी पडदा पुसला. मागची वायर काढून परत घट्ट बसवली. रंगांची सेटिंग बदलली, संगणक बंद करून पुन्हा लावला. लावल्यावर क्षणभर बरं वाटायचं, मग ढग परत हजर.

भाऊ आले, वाकून बघितलं आणि विचारलं, "काल तर चांगला होता ना?"

"हो."

"काल संध्याकाळी कुलूप कोणी लावलं?"

"मीच. नाही, तुम्ही आत बसला होतात, मी गेल्यावर तुम्ही लावलं असेल."

"म्हणजे तू का मी?"

मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांच्या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट होती. आमच्या आधीच्या पत्रकातला मजकूर छापायच्या आधीच समोरच्या माणसांना कळला होता. सभेत त्यांचा माणूस उठून आमच्या न छापलेल्या वाक्याला उत्तर देऊन गेला होता. कोणी फोडलं ते कळलं नाही. पण त्याच दिवसांत माझ्या भावाला गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात फिटरचं काम लागलं होतं. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवायला कोणाला फार कष्ट नव्हते.

जटपुरा गेटच्या आत एका गल्लीत संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणाऱ्याला सगळे भाईच म्हणत. बापाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मुलाने त्यात संगणक घातले. खोलीत कोणाला आणायचं नाही हा कायदा, म्हणून मी मॉनिटर आणि संगणकाचा डबा दोन्ही चादरीत गुंडाळून ऑटोत घालून त्यांच्याकडे नेले. ऑटोवाला म्हणाला, "ताई, देव बसवून राह्यले का?"

भाईंनी आधी माझं ऐकून घेतलं. "डिस्प्ले कार्ड गेलं असन," ते म्हणाले. "ते मरायले आलं का असंच करते. कधी रंग जाते, कधी लाइन वाकडी होते. चालू नका ठेवू, मधात बंद पडलं तर तुमची फाइल उडून जाईन."

"नवं घ्यावं लागेल?"

"नागपूरहून मागवा लागन. आधी पाहू तर द्या."

मी त्यांच्या हातांवरून नजर हलवली नाही. दुकानाच्या फळीवर दुसरे डबे ठेवले होते, त्यातल्या एकावर त्याच खाणवाल्यांच्या ऑफिसचा कागद चिकटवलेला होता. म्हणजे त्यांचीही यंत्रं इथेच येत होती. भाईंनी आमचा डबा उघडला. आत चंद्रपूरची काळी धूळ लोकरीसारखी बसली होती. त्यांनी कार्ड ओढून बाहेर काढलं, त्याचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले, फुंकर मारली, परत खाचेत दाबलं. मग चालू केलं.

पडदा स्वच्छ. एक डाग नाही.

"पाहा," भाई म्हणाले.

मी आनंदी व्हायला हवं होतं. मी विचारलं, "आमच्या फाइली तुम्हाला दिसतात का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "ताई, मले मराठी टायपिंग येत नाई, अन् वाचायले वेळ नाई. शक असन तर पासवर्ड टाका. तो काही मी विकत नाई."

परत खोलीत आणून लावलं आणि डाग होता तिथे होता. तोच जांभळा ढग, तोच डावा कोपरा.

आता माझा भाईंवरचा संशय पक्का झाला. त्यांनी काहीतरी केलं, दुकानात चालेल आणि आमच्याकडे चालणार नाही असं. दुसऱ्यांदा यंत्र घेऊन गेले तेव्हा मी स्टुलावर बसलेच नाही, त्यांच्या खांद्याशी उभी राहिले. त्यांनी पडदा लावला, पुन्हा स्वच्छ. दुकानातलं दुसरं कार्ड घालून बघितलं, स्वच्छ. आमचं परत घातलं, तेही स्वच्छ.

"मी चुकीचं बोललो होतो," ते म्हणाले. "कार्ड चांगलं हाय. मॉनिटर चांगला हाय. तुमच्या खोलीतच काही तरी हाय. बाजूले स्पीकर हाय का? टीव्ही, इन्व्हर्टर, असं काही?"

"काही नाही. टेबल आहे, भिंत आहे अन् एक लाकडी खोकं आहे कागदांचं."

"मंग मले येऊन पाहू द्या."

"घरमालक बाहेरच्यांना येऊ देत नाही."

भाई डबा बंद करता करता हसले. "तुमचा घरमालक मोठा हुशार हाय वो. काल माझ्याच दुकानात टीव्ही घेऊन आलता, म्हणे संघटनावाले मलेच आत घेत नाई."

त्या संध्याकाळी खोलीत बैठक झाली. बाई कोपऱ्यात चटईवर होत्या, बाकीचे कार्यकर्ते भिंतीला टेकून. भाऊ उभे राहून बोलले, माझ्याकडे न बघता.

"यंत्र आपोआप बिघडत नाही. दुकानात चांगलं चालतं अन् इथं चालत नाही, म्हणजे इथं बसणारं कोणीतरी ते करतं. मी कोणाचं नाव घेत नाही. पण हे पत्रक सुनावणीनंतर निघालं तर त्याचा उपयोग फक्त पुड्या बांधायला. उद्या दुपारपर्यंत चालू झालं नाही तर दुसरा माणूस बसवू. किल्ली टेबलावर ठेवून जायची."

नाव घेतलं नाही म्हणे. दोनच किल्ल्या होत्या आणि एक त्यांच्याच खिशात होती.

"भाऊ, सरळ बोला," मी म्हटलं. "मी करते आहे असं म्हणायचंय का?"

"संशय घेतला म्हणजे आरोप केला असं होत नाही."

"हेच वाक्य ठाणेदार बोलतो तेव्हा आपण पत्रक काढतो."

कोणीतरी खोकलं. बाई पदराने तोंड पुसत माझ्याकडे बघत होत्या. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला राग आला, आणि राग आला की मी काम करते. ज्या खोलीत मी लहानपणापासून वाचलेली वाक्यं रोज जुळवत होते, तिथून मला चोरासारखं काढणार असतील तर निदान चोर कोण ते मला कळलं पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आले. बाई माझ्या आधीच पायरीवर बसल्या होत्या, डब्यातला भात खात.

"काऊन वो पोरी, तुया टीवी बरा झाला का?"

"नाही झाला."

"त्याले भूत लागलं असन. आमच्याकडं तर जंगल खात्याची जीप बिघडली तरी आमालेच पकडते."

मी यंत्र लावलं. डाग होता. मग मला सुचलं ते अगदी साधं होतं. मी मॉनिटर टेबलावरच उलटा फिरवला, पडदा खिडकीकडे केला आणि टेबलाला वळसा घालून समोर गेले. डाग मॉनिटरचा असता तर त्याच्या डाव्याच कोपऱ्यात राहिला असता. तो आता उजवीकडे होता. म्हणजे भिंतीच्याच बाजूला. पुन्हा सरळ केला, डाग पुन्हा डावीकडे, पुन्हा भिंतीशी. डाग यंत्रात नव्हताच. तो भिंतीकडून येत होता.

आणि भिंतीपलीकडे कोण होतं? खाणीला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचं ऑफिस. गेल्या महिन्यात तिथे काहीतरी ठोकाठोकी झाली होती. दुपारी तिकडून घूं असा आवाज येई, आम्ही तो कूलरचा समजत होतो. माझ्या अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू, मला हायसंही वाटलं. संशयाला दुसरं घर मिळालं होतं.

भाऊ आल्यावर मी त्यांना मॉनिटर फिरवून दाखवला. एकदा, मग पुन्हा. त्यांचे डोळे चमकले. माझ्यावर संशय घेताना ते दमल्यासारखे दिसायचे, ठेकेदारावर घेताना तरुण झाले.

"मी म्हणतच होतो! भिंतीत काहीतरी बसवलंय. वायर असेल, मशीन असेल. तेच ऐकतात अन् तेच बिघडवतात. मागचं पत्रक असंच फुटलं!" त्यांनी खिशातून टेस्टर काढला. "ते खोकं सरकव. भिंत मोकळी कर."

टेबल आणि भिंत ह्यांच्या मधे ते देवदाराचं खोकं होतं, टेबलाइतकंच उंच. आत वर्षानुवर्षांच्या जुन्या पत्रकांचे गठ्ठे. मी ते एका बाजूने ओढलं, जागचं हललं नाही. भाऊंनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते फरशीवर करकर आवाज करत टेबलापासून लांब, दाराकडे ओढायला सुरुवात केली.

"अवो!" बाई ओरडल्या. "ते पाहा! ते सरकून राह्यलं!"

मी वळून बघितलं. पडद्यावरचा जांभळा ढग आकसत होता. आम्ही थांबलो, तोही थांबला. आम्ही खोकं परत थोडं आत ढकललं, ढग पसरला आणि ओळी वाकल्या. बाहेर ओढलं, ओळी सरळ व्हायला लागल्या.

भिंत मोकळी झाली होती आणि तिच्यावर पोपडे सोडले तर काही नव्हतं. भाऊंच्या हातातला टेस्टर तसाच राहिला होता. त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. ते खोक्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं तारुण्य कुठे गेलं ते कळलं नाही.

मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा होता. डाग आला त्याच्या आदल्या संध्याकाळपासून रिकामा होता.

"भाऊ," मी विचारलं, "ह्या खोक्यात काय आहे?"

"जुनी पत्रकं."

"आणखी?"

"जुनी पत्रकं आहेत म्हणून सांगितलं ना." आवाज वर गेला, पण त्यात जोर नव्हता. कायदा त्यांनीच केला होता, ठेवणाऱ्याने सांगायचं नाही. तो मोडायला त्यांची जीभ वळत नव्हती. मला वाटतं, माझी किल्ली हिसकावली असती तरी त्या क्षणी त्यांनी तोंड उघडलं नसतं.

बाईंना आमचा कायदा माहीत नव्हता. त्या उठल्या, खोक्याशी जाऊन उकिडव्या बसल्या आणि वरचे गठ्ठे एकेक करून फरशीवर ठेवायला लागल्या. खाली लाल फडकं दिसलं. फडक्यात गुंडाळलेला भोंगा, तोंड वर करून बसलेला, आणि त्याच्या मागे आवाज काढणारं ते जड युनिट.

"हे तं तुमचं बोलायचं हाय ना भाऊ?" बाई म्हणाल्या. "इथी कागदात काऊन पुरलं?"

मी भाईंचं वाक्य आठवत होते. बाजूले स्पीकर हाय का? मी नाही म्हटलं होतं, आणि मला माहीत होतं तेवढ्यावर ते खरंच होतं. भोंग्याच्या युनिटमधे केवढा मोठा चुंबक असतो हे मी शाळेत शिकले होते. टीव्हीच्या पडद्याजवळ चुंबक नेऊन रंग बिघडवले म्हणून आम्ही लहानपणी वडिलांचा मारही खाल्ला होता. पण आपल्या कोपरापासून हातभर अंतरावर तो पुरून ठेवलाय हे मला कोण सांगणार होतं? सांगणारा माणूस रोज येऊन डाग बघून जात होता.

"इथेच का ठेवलात?" मी विचारलं.

भाऊंनी टेस्टर परत खिशात घातला. "तुझ्या टेबलापाशी कोणी हात लावणार नाही म्हणून."

ह्याचं काय करायचं ते मला तेव्हाही कळलं नाही. ज्या जागेवर त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास होता, तिथे बसणारीवरच त्यांना संशय आला होता. त्यांच्या डोक्यात ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींना न भेटता राहत होत्या.

भांडायला वेळ नव्हता. पत्रक माझ्या अपमानापेक्षा मोठं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. भोंगा दाराबाहेर गेला, मी मॉनिटर बंद करून लावला, आतून तो नेहमीचा धम् असा आवाज झाला आणि पडदा बहुतेक साफ झाला. कोपऱ्यात पुसट हिरवट छटा मात्र राहिली. बाई शेजारी बसून नाल्यांची नावं तपासत गेल्या, मी जुळवत गेले. दुपार टळायच्या आत पान ट्रेसिंगवर निघालं. गठ्ठे बाईंच्या सोबत एसटीत चढले. सुनावणीला डोंगराखालची माणसं आली आणि बोलली. पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे आणि तो मी दुसरीकडे रागाने लिहिला आहे.

मी मात्र एक गोष्ट सोडली नाही. सुनावणीनंतरच्या बैठकीत तीच माणसं त्याच भिंतीला टेकून बसली होती. बाईही आल्या होत्या. भाऊंनी हिशोबी आवाजात सगळ्यांचे आभार मानले आणि पुढच्या विषयाकडे वळले, तेव्हा मी उभी राहिले.

"मागच्या बैठकीत एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलली गेली होती. ती सगळ्यांसमोर मागे घ्या."

"अगं, ते झालं ना आता," भाऊ म्हणाले. "यंत्रात दोष होता, निघाला."

"यंत्रात नव्हता."

"बरं, जागेत होता."

"जागेतही नव्हता."

एकजण म्हणाला, "जाऊ दे ना ताई, भाऊंचं वय पाहा."

"माझं पाहिलं होतं का?" मी म्हटलं.

कोपऱ्यातून बाईंचा आवाज आला, "सांगून टाका नं भाऊ. भोंग्यानं तं साऱ्या जिल्ह्याले सांगता, आता एका पोरीले सांगाले का झालं?"

हशा पिकला. भाऊंनाही हसू आवरलं नाही, मग ते थांबलं. "भोंगा मी ठेवला होता," ते म्हणाले. "तिच्याकडे बोट दाखवलं ते मी. चुकलो." आणि लगेच, एक श्वासही न घेता, "आता पुढचा विषय."

पुढचा विषय काय होता ते मला आठवत नाही. माझ्यावरचा डाग सगळ्यांच्या मनातून गेला असंही मी म्हणणार नाही. आधीचं पत्रक कोणी फोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी एखादा शब्द बदलला की मागून कोणीतरी अजून वाकून बघायचं. म्हणून मी एक केलं. मॉनिटर फिरवून पडद्याचं तोंड सरळ दाराकडे केलं. भाऊंनी बघितलं आणि तो तसाच राहू दिला. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचू दे. छापून वाटायचंच तर आहे.

भोंगा पुन्हा खिळ्यावर लागला. पुढचा कार्यक्रम ठरला तेव्हा एका सकाळी खिळा रिकामा होता. मी खुर्चीवर बसायच्या आधी खोकं उघडून बघितलं, मग यंत्र लावलं.